कांकणांखालचे घट्टे

"मॅडम, ह्याला जरा पुरुषासारखं वागायला शिकवा."

शब्द थोडे बदलतात, काळजी तीच असते. एखादी आई म्हणते, "मुलगा फार हळवा आहे हो, जरा कुणी बोललं की डोळे भरतात." एखादे वडील खुर्चीत बसायच्या आधीच सांगतात, "घरात बायकांत वाढला, त्याचं हे फळ." आणि एखादी बायको येते ती अगदी उलटी तक्रार घेऊन: "आमचे हे काही बोलतच नाहीत. नुसते चिडतात, नाहीतर गप्प." गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत बावीस वर्षं मी हे ऐकते आहे. आईची तक्रार आणि बायकोची तक्रार एकाच माणसाबद्दल असते, मध्ये फक्त वीस वर्षं गेलेली असतात, हे कळायला मलाही बराच काळ लागला. ज्या मुलाचं रडणं घरादाराने मिळून थांबवलं, तोच पुढे गप्प बसणारा नवरा होतो.

गेल्या दोन महिन्यांत चार घरांतून हीच काळजी आली, म्हणून त्यातल्या एका घराबद्दल लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि तिघांनाही विचारून लिहिते आहे. नऊ भेटी झाल्या. त्यांतलं जे मला महत्त्वाचं वाटलं तेवढंच इथे आहे.

डिचोली तालुक्यातलं घर. रामनाथबाब पन्नाशी ओलांडलेले, उंच, आवाज मोठा. खाणी जोरात चालत होत्या तेव्हा त्यांचे स्वतःचे खनिज वाहणारे तीन टिपर-ट्रक होते. आता दुसऱ्याच्या कंपनीची बस चालवतात, पाळीच्या कामगारांना नेतात-आणतात. सुलभावहिनी शिवणकाम करतात. मुलगा ओंकार वीस वर्षांचा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला.

निमित्त झालं देवळाच्या जत्रेतल्या नाटकाचं. वाड्यावरची मुलं दरवर्षी पौराणिक नाटक करतात. यंदा अज्ञातवासाचा प्रसंग निवडला होता आणि ओंकारने बृहन्नडेची भूमिका घेतली. विराटाच्या घरी राजकन्या उत्तरेला नाचगाणं शिकवायला राहिलेला अर्जुन तो हा. रामनाथबाबांनी घरात जाहीर करून टाकलं: हा स्टेजवर साडी नेसून आला, तर मी त्या देवळाची पायरी पुन्हा चढणार नाही. पाच आठवडे बापलेक एका वेळी जेवायला बसले नव्हते. वहिनी दोघांना वेगवेगळं वाढत होत्या. शेवटी त्यांनीच मला फोन केला.

पहिल्या भेटीत तिघेही आले. रामनाथबाब बोलताना माझ्याकडे पाहत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. मी विचारलं, "नाटकाची अडचण आहे की ह्या भूमिकेची?"

"नाटक मीच बसवलंय दहा वर्षं. शिगम्यात घोडेमोडणीत मी नाचलोय, कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन. नाटकाचं मला काही नाही. पण हा मुळातच असा. लहानपणापासून रडतो. त्यात हे सोंग. लोक काय म्हणतील? आत्ताच वाड्यावरची पोरं त्याला 'बृहन्नडा' म्हणून हाक मारतात." मग थोडं थांबून, ठामपणे: "मॅडम, मी भजनी मंडळातला माणूस. गीता मला पाठ आहे. भगवंतानेसुद्धा अर्जुनाला हेच सांगितलं. क्लैब्यं मा स्म गमः पार्थ. नपुंसकपणा करू नकोस, तुला शोभत नाही, ऊठ. देवाने सांगितलेलं खोटं आहे काय?"

ओंकार खाली मान घालून नखांनी खुर्चीच्या हाताचं रेक्झीन कुरतडत होता.

अशा वेळी मी वाद घालत नाही. माणूस ज्या ग्रंथाचा आधार घेऊन येतो, त्याच ग्रंथाच्या वाटेने त्याच्यासोबत जाणं मला जास्त खरं वाटतं. मी म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. दुसऱ्या अध्यायाचा तिसरा श्लोक. कृष्ण असं म्हणाला. त्यावर अर्जुन काय म्हणाला?"

रामनाथबाब आठवू लागले. "उठला आणि लढला."

"लगेच?"

ते गप्प झाले. मी म्हटलं, "पुढच्या खेपेला सांगा. घरी पोथी असेलच."

पुढची भेट मी ओंकारची एकट्याची घेतली. एकटा असताना तो मोकळा बोलला. भूमिकेबद्दल विचारताच सरसावून बसला. त्याने महाभारतातल्या विराटपर्वाचं मराठी भाषांतर आणून वाचलं होतं. "मॅडम, सगळ्यांना वाटतं, अर्जुनाने बांगड्या भरल्या म्हणजे तो बाईलमाणूस झाला. पण त्याने बांगड्या का भरल्या माहीत आहे? तो अज्ञातवासाआधी भावांना सांगतो, माझ्या दोन्ही हातांवर धनुष्याच्या दोरीचे घट्टे आहेत, ते कसेच लपत नाहीत. ते बांगड्यांनी झाकीन. नाहीतर ते बघून कुणीही ओळखेल, हा कोण."

एवढं सांगून तो एकदम थांबला. मग म्हणाला, "आमच्या पपांच्या हातालापण घट्टे आहेत. गियरचे."

मी विचारलं, "पपांनी बांगड्यांवरून कधी काही म्हटलं होतं?"

तो रडला नाही. डोळे कोरडे ठेवून, एका सुरात त्याने सांगितलं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून गोव्यातल्या खाणी पुन्हा थांबल्या. त्याआधी २०१२ मध्ये एकदा थांबल्याच होत्या. तेव्हा रामनाथबाबांनी कसेबसे दिवस काढले, एक टिपर विकून दोन राखले. दुसऱ्या बंदीनंतर मात्र गाड्या अंगणात उभ्याच राहिल्या. टायर बसले, हौद्याला गंज चढला, कर्जाचे हप्ते थकले. वर्षभराने शेवटची गाडी भंगारवाल्याला दिली. ओंकार तेव्हा तेरा वर्षांचा. दर दसऱ्याला त्या गाडीला झेंडूची माळ तोच घालायचा. भंगारवाला गॅसकटर घेऊन केबिन कापायला लागला, तेव्हा हा धावत आत चढला आणि स्टिअरिंगला मिठी मारून हंबरडा फोडला. वाडा जमला होता. रामनाथबाबांनी त्याला ओढून खाली उतरवलं, सगळ्यांसमोर थोबाडीत दिली आणि म्हणाले, "हातांत कांकणां घाल!"

"त्यानंतर मी घरात कधी रडलो नाही," ओंकार म्हणाला. "बाहेर रडतो. मित्रांसमोर, तालमीत. घरात येतच नाही."

सात वर्षं हा मुलगा 'हळवा' म्हणून ओळखला जात होता. त्याच्या घरात मात्र त्याला रडू येतच नव्हतं. आईवडिलांनी 'मुलगा फार रडतो' असं सांगितलं की मी हल्ली एक गोष्ट आवर्जून विचारते: कुणासमोर रडतो? उत्तरातून घराबद्दल पुष्कळ कळतं.

तिसऱ्या खेपेला रामनाथबाब एकटे आले. हातात पोथी होती, लाल कापडात बांधलेली. बसले, कापड सोडलं, चष्मा लावला. त्यांनी खरंच वाचलं होतं, आणि मनापासून वाचलं होतं.

"अर्जुन उठला नाही, मॅडम," ते म्हणाले. "भगवंताने टोमणा मारल्यावर तो उलट बोलतो. भीष्म-द्रोणांवर बाण कसे मारू म्हणून विचारतो. मला काही कळत नाही, मी तुझा शिष्य, मला सांग म्हणतो. आणि मग बघा, नववा श्लोक. न योत्स्ये. मी लढणार नाही. आणि तूष्णीं बभूव ह. गप्प बसला."

"गप्प बसला," मी म्हटलं.

"हो." त्यांनी बोट त्या ओळीवर तसंच ठेवलं. मग माझ्याशी वाद घालायचा म्हणून घाईने पानं उलटली. "पण पुढे चौतिसाव्या-पस्तिसाव्या श्लोकांत भगवंत पुन्हा अपकीर्तीचं भय घालतोच. लोक तुला भ्याला म्हणतील, असं. आणि शेवटी अर्जुन लढलाच ना?"

मला हा माणूस त्या क्षणी फार आवडला. म्हटलं, "घालतो. पण त्याआधी वीसेक श्लोक तो त्याला देह, आत्मा, मरण समजावतो. आणि त्या भयानेही अर्जुनाचं समाधान होत नाही, तिसऱ्या अध्यायात तो पुन्हा विचारतोच. अठरा अध्याय बोलावं लागलं, रामनाथबाब. सातशे श्लोकांचं बोलणं आहे ते. तुम्ही जो श्लोक मला ऐकवला, तेवढ्यावर भागलं असतं, तर गीता दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकालाच संपली असती. आणि अर्जुन लढला हे खरंच. पण अंग कापतंय, गांडीव गळून पडतंय, तोंड कोरडं पडलंय, हे सगळं मित्राला सांगून झाल्यावर लढला. त्याने ते लपवलं नाही."

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "माझा मुलगापण गप्पच बसला. त्या दिवसापासून."

"कुठल्या दिवसापासून?"

मग त्यांनी गाडीचं सांगितलं. ओंकारने सांगितलेलंच, पण बापाच्या बाजूने. गॅसकटरचा वास. केबिनवर वरच्या बाजूला रंगवलेलं देवीचं नाव कापलं गेलं, ते मधोमध. भंगारवाल्याने पैसे मोजून दिले ते घ्यायला हात पुढे होईना, म्हणून शेजाऱ्याने घेऊन त्यांच्या खिशात कोंबले. तेवढ्यात पोराचा हंबरडा.

मी विचारलं, "हात उगारला त्या क्षणी मनात काय होतं?"

"सगळे बघतायत."

"त्याच्या आधी?"

त्यांनी दोन्ही तळवे उताणे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. बोटांच्या मुळाशी अजूनही कातडी जाड, पिवळट होती. खालच्या रस्त्यावरून कदंबाची बस गेली, खिडकीची काच थरथरली. मी एक शब्द बोलले नाही. नव्याने काम करणाऱ्या मुलींना मी नेहमी सांगते की अशा शांततेला हात लावू नका. पाण्याचा पेलासुद्धा पुढे करू नका. आपण पेला पुढे केला की माणसाला वाटतं, थांबायला सांगताहेत.

मग ते मराठी सोडून घरच्या बोलीत आले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"तो म्हजें रडप रडटालो."

माझं रडणं तो रडत होता.

आणि रामनाथबाब रडले. तोंडावर पोथीचं लाल कापड धरून, खांदे हलत, किती तरी वेळ. शेवटच्या गाडीनंतर पहिल्यांदा. मधल्या काळात त्यांची आई गेली, तिला अग्नी देतानाही डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

माझ्या कामात असे क्षण फार येत नाहीत. ते घडवून आणता येत नाहीत, पण त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवता येते, आणि ती ठेवायला मी शिकले याचं मला समाधान आहे. त्या दुपारी मला एक गोष्ट लख्ख दिसली. त्यांनी मुलाला मारलं ते मुलगा बायकी वागला म्हणून, असं ते सात वर्षं स्वतःला सांगत होते. खरं तर स्वतःला आवरायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून हात मुलावर पडला. अर्जुनाने आपले घट्टे कांकणांनी झाकले. ह्यांनी आपली जखम पुरुषीपणाने झाकली होती आणि मुलाच्या रडण्याने ती उघडी पडते आहे असं वाटताच ते घाबरले.

आता थोडं माझ्या विचारपद्धतीबद्दल, कारण वाचणाऱ्यांना ते घरी वापरता येईल. घटना आणि आपला त्रास यांच्यामध्ये एक वाक्य उभं असतं, असं मी मानते. गाडी भंगारात गेली ही घटना. तिचं दुःख होणारच, ते व्हायलाच हवं. वीस वर्षांची कमाई डोळ्यांसमोर कापली जाते तेव्हा दुःख न होणं हेच काळजीचं. पण रामनाथबाबांना पोखरत होतं ते दुःख वेगळंच. "घर पुरुषानेच चालवायचं. मला ते जमलंच नाही. म्हणजे मी पुरुषच नाही." हे वाक्य तीन वेळा मोठ्याने म्हणून बघा. त्यातला प्रत्येक 'च' टोचतो. मराठीतलं हे एवढंसं अक्षर मी माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांच्या बोलण्यात शोधत असते. पुरुषाने रडायचं नाहीच. बायकोपेक्षा जास्त कमवायलाच हवं. घाबरलो हे कळताच कामा नये. तो 'च' काढून वाक्य पुन्हा म्हणायला लावलं की पुष्कळदा माणूस स्वतःच चमकतो. "मला घर चालवायला आवडतं, ते काही वर्षं जमलं नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं." हे वाक्य जगता येण्यासारखं आहे. रामनाथबाबांना इथपर्यंत यायला आणखी तीन भेटी लागल्या.

आणि हे वाक्य कुठून येतं? आपण मुलांना ज्या गोष्टी सांगतो त्यांतूनच. अर्जुनाच्या हातातलं गांडीव आपण सांगतो, ते गळून पडलं तो प्रसंग एका ओळीत उरकतो. सीता नाहीशी झाल्यावर राम वनातल्या झाडांना विचारत, विलाप करत हिंडतो. रामायणातलं हे हृदय पिळवटणारं वर्णन मुलांच्या पुस्तकांत दोन वाक्यांचं होतं आणि धनुर्भंगाला चित्रासकट अख्खं पान मिळतं. ग्रंथांनी पुरुषाला पूर्ण रंगवलं होतं, आपण त्यातला निम्माच उचलला. पुढे सिनेमाने त्या निम्म्याला आणखी मोठं केलं: कमी बोलणारा, मारणारा, एकटाच सगळ्यांना पुरून उरणारा.

आपल्या मराठीत तर याला जबरदस्त पर्याय आहे. पुरुष असलेल्या ज्ञानदेवांना आपण सातशे वर्षं माउली म्हणतो. पंढरीची वाट चालणारे मिशाळ, रापलेले शेतकरी एकमेकांच्या पाया पडताना माउली म्हणतात आणि कुणालाही त्यात कमीपणा वाटत नाही. ज्ञानदेवांच्या विरहिणी मुळात एका स्त्रीच्या आवाजात आहेत. रामनाथबाब स्वतः भजनात विठाई म्हणून टाळ वाजवणारे. मी त्यांना विचारलं, "विठ्ठलाला आई म्हणताना तुम्हाला कधी कसंसं वाटलं?" ते हसले, बऱ्याच दिवसांनी.

गोव्यात तर फार लांब जायलाच नको. मंगेशीत १९०० साली जन्मलेले मास्टर दीनानाथ रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. आणि आवेशपूर्ण, झेपावणाऱ्या तानांसाठी आजही त्यांचंच नाव घेतलं जातं. पेडण्याकडच्या दशावतारात अजूनही गडी माणूसच लुगडं नेसून उभा राहतो आणि पहाटेपर्यंत लोक त्याच्यासोबत रडतात. ज्या भूमीत हे इतकं मुरलेलं आहे, तिथे वीस वर्षांच्या पोराने बृहन्नडा केली म्हणून घर मोडायला येतं, याचं मला खरंच दुःख होतं.

एक प्रश्न आईवडील फार दबक्या आवाजात विचारतात, मुलगा खोलीबाहेर गेल्यावर. "मॅडम, हा तसला तर नाही ना?" सुलभावहिनींनीही विचारला. माझं उत्तर सगळ्यांना एकच असतं. रडण्यावरून, नाचण्यावरून, स्टेजवर साडी नेसण्यावरून कुणाला कोण आवडतं हे कळत नाही. आणि समजा एखादा मुलगा समलिंगी असला, तरी तो आजार नाही, त्याच्यावर उपचार नसतात, आणि सप्टेंबर २०१८ पासून कायद्यानेही तो गुन्हा नाही. तुमच्या मनातली भीती हा वेगळा विषय आहे, ती घेऊन तुम्ही या, मी ऐकेन. मुलाला तिच्यासाठी माझ्यासमोर बसवू नका.

घरात काय करता येईल, असं सगळेच विचारतात. बापलेकाला समोरासमोर बसवून "आता बोला" म्हणू नका, हे पहिलं. पुरुष एकमेकांशी खांद्याला खांदा लावून बोलतात, नजरेला नजर देऊन कमी. गाडीत, विहिरीवर पंप दुरुस्त करताना, नारळ सोलताना. रामनाथबाबांना मी एवढंच काम दिलं होतं की तालमीला ओंकारला स्कूटरवरून न्यायचं आणि आणायचं. बोलायची सक्ती नाही. पहिले चार दिवस दोघे घुमे होते. पाचव्या दिवशी पपांनी विचारलं, "तुझं ते युद्धाचं दृश्य कसं बसलंय?"

मुलगा रडत असेल तेव्हा "काय झालं?" विचारून लगेच उपाय सांगायची घाई करू नका. शेजारी बसा. आणि लाज वाटेल असे शब्द, कांकणं, बायल्या, मर्द असशील तर, हे घरातून काढून टाका. त्यांनी मुलगा धीट होत नाही, फक्त घरच्यांपासून लपायला शिकतो. त्याच वेळी रडण्याची सक्तीही नको. काही माणसं दुःखात कामाला लागतात, शेतात जातात, चार तास भजन करतात. त्यांनाही त्यांच्या वाटेने जाऊ द्यावं. एवढंच पाहावं की वाट आहे ना.

कारण वाट नसते तेव्हा काय होतं ते मी पाहिलं आहे. देशात २०२२ साली नोंद झालेल्या १,७०,९२४ आत्महत्यांमध्ये दर दहांत सातांहून जास्त पुरुष होते. घरातला माणूस अचानक देणीघेणी मिटवू लागला, झोप उडाली, दारू वाढली, "माझ्यावाचून तुमचं बरं चालेल" असं काही बोलून गेला, तर ते थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेलिमानस मदत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. तिथे जाणं म्हणजे वेडं ठरणं, हे आता तरी आपण मनातून काढू या.

रामनाथबाब एकदा म्हणाले होते, "मग मुलाला धीट करायचंच नाही काय?" करायचं. त्याचंही उत्तर ओंकारच्या नाटकातच होतं. विराटाचा मुलगा उत्तर घरात मोठमोठ्या बाता मारतो आणि कौरवांची सेना दिसताच रथातून उडी टाकून पळतो. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्याच्यामागे धावतो, त्याला धरून परत आणतो. लढणं जमत नसेल तर घोडे तू सांभाळ, लढतो मी, असं म्हणून लगाम त्याच्या हातात देतो. भ्यालेल्या पोराला त्याने रथाबाहेर काढलं नाही, झेपेल ते काम दिलं. रामनाथबाबांनी हे ऐकून घेतलं आणि नुसते "हं" म्हणाले.

नाटकाला मी गेले नाही. माझ्याकडे येणाऱ्यांच्या घरच्या कार्यांना मी जात नाही, तो माझा नियम आहे. ओंकार जत्रेनंतरच्या आठवड्यात आला, आणि त्याच्याकडूनच मला कळलं.

प्रयोगाच्या रात्री देवळाजवळच्या अग्रशाळेत मुलांची रंगभूषा-वेशभूषा चालू होती. साडी नेसून झाली होती, कांकणं भरून झाली होती. भाड्याने आणलेल्या घुंगरांचा एक पट्टा तुटलेला निघाला. कुणी सुतळी शोधत होतं, कुणी मेकअपवाल्याला हाका मारत होतं. तेवढ्यात पपा आत आले. हातात जुनी गाठोडी होती. घोडेमोडणीची त्यांची स्वतःची घुंगरं. सगळ्या पोरांसमोर ते खाली बसले, ओंकारचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला, आणि घुंगरं बांधायच्या आधी खिशातून सुती कापडाची पट्टी काढून घोट्याभोवती गुंडाळू लागले.

"हे आधी बांधायचं असतं," ते म्हणाले, "नाहीतर दुसऱ्या अंकापर्यंत कातडी सोलून निघते. मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं."